बिननावाचं यंत्र

शुक्रवार, ७

आज मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या सकाळी स्वतःचीच समजूत घालत बसेन की फारसं काही झालं नाही.

शुक्रवार म्हणजे वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये आमचा ‘ओळखा पाहू’. टेबलावर एखादं जुनं, विचित्र यंत्र ठेवायचं, लोकांनी ते कशाचं ते ओळखायचं, शेवटी मी उत्तर सांगायचं. एवढाच खेळ. याच वाचनालयात मी सगळी नोकरी पुस्तकांना क्रमांक देण्यात घालवली. कुठलंही पुस्तक हातात आलं की त्याची जागा ठरवायची. निवृत्त झाले, पाठोपाठ हे गेले, आणि माझी जागा ठरवणारं कुणी उरलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत जी बसले ती बसलेच. चिरंजीव म्हणायचे, आई आता आराम कर. आराम करून करून माझा आवाज बसायची वेळ आली होती. त्या खुर्चीतून मला या शुक्रवारांनी उठवलं.

पण गेल्या महिन्यात घोटाळा झाला. एक लाकडी चिमटा ठेवला होता, आणि मी ठणकावून सांगितलं की हा साखरेचे खडे उचलायचा. पहिल्या रांगेतले प्राध्यापक शांतपणे उठले आणि जुन्या कॅटलॉगचं पान दाखवलं. कातडी हातमोज्यांची बोटं आतून ताणून सैल करायचा चिमटा निघाला तो. कार्यवाहांनी मला बाजूला घेऊन बजावलं की यापुढे उत्तर पुराव्यासकट हवं. पुन्हा हसं झालं तर शुक्रवारी हॉल व्यायामवर्गाला. त्यांच्याकडे अर्ज येऊन पडलाच आहे.

आणि आज काय केलं मी? आज ठेवायचं होतं टोपीवाले गिऱ्हाइकाचं डोकं मोजायला वापरत ते यंत्र. ते डोक्यावर घातलं की डोक्याचा आकार कागदावर टोचला जातो. ते ज्यांचं, ते ऐन वेळी गावाला गेले. मग काटेवाल्यांना फोन केला. काटेवाले म्हणजे जुने वजनकाटे दुरुस्त करणारे, हल्ली विजेच्या काट्यांमुळे फारसं काम नसलेले. माझी बरीचशी यंत्रं त्यांच्याच अडगळीतली. त्यांनी एक खोकं पाठवलं. उत्तर काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, नंतर बोलू.

लोखंडी बैठक, पितळी चाक, बाजूला मूठ. मूठ फिरवली की एक लहानशी वाटी वर चढते, कलंडते, घंटा एकदा वाजते, आणि आकडे नसलेल्या तबकडीवर काटा जरासा सरकतो. लोकांनी नाना तर्क केले. सगळे चूक, असं मी मान हलवत सांगत होते, जणू मला माहीतच होतं. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. उचलली जीभ लावली टाळ्याला: उत्तर पुढच्या शुक्रवारी, म्हटलं. टाळ्या पडल्या.

शनिवार, ८

दुपारी यंत्राचं खोकं घेऊन काटेवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले. आजवर सगळं फोनवरच व्हायचं, आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. अरुंद जागा, छतापर्यंत तराजूंची पारडी टांगलेली, आणि बसायला एकच खुर्ची. ती त्यांनी फडक्याने पुसली, मग पुन्हा पुसली, मला बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

यंत्र कशाचं, म्हणून विचारलं. तर म्हणे, मलाही माहीत नाही, भंगाराच्या लॉटमध्ये आलं. मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं. मी सगळं सांगितलं. कार्यवाह, प्राध्यापक, व्यायामवर्ग. ते ऐकत होते पण माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, बाई, काळजी करू नका, आपण शोधू. सोमवारी या, खालची बैठक उघडून बघू.

बैठक आज का नाही उघडली? त्यासाठी लागणारा पान्हा सापडत नव्हता. भिंतीवर पान्ह्यांची रांग होती, पण त्यांचं काम त्यांना माहीत.

सोमवार, १०

बैठक उघडली. आत काही नाही. ना नाव, ना नंबर, ना कारखान्याचा शिक्का. मी पुस्तकांच्या बाबतीत असं कधी पाहिलं नाही. फाटक्यातल्या फाटक्या पुस्तकावरही कुठेतरी काहीतरी सापडतंच.

वर्कशॉपमध्ये दुसरी खुर्ची आली आहे. गिऱ्हाइकांसाठी असेल. चहा झाला. साखर किती घेता विचारलं, आणि मी सांगितलं तितकीच घातली, हे नोंदवायचं कारण एवढंच की चिरंजीवांना अजून ते जमलेलं नाही.

उद्या मुठीचा भाग खोलायचा म्हणतात.

गुरुवार, १३

रोज जाते, रोज रिकाम्या हाताने येते. वाचनालयातली यंत्रांवरची सगळी पुस्तकं पालथी घातली. काय काय सापडलं! एका डॉक्टराने बारा बाटल्यांत बारा जळवा ठेवून वादळाचा अंदाज सांगायचं यंत्र केलं होतं. हवा बिघडली की जळवा वर चढायच्या आणि घंटा वाजायची. आणखी एकाने अशी टोपी काढली की मान जरा झुकवली की ती आपोआप उचलली जाऊन समोरच्याला नमस्कार करणार. माणसाने कशाकशाची यंत्रं केली, पण माझ्या टेबलावरचं यंत्र काही कुणी केलेलं दिसत नाही.

काटेवाल्यांना टोपीचं सांगितलं तर ते खूप वेळ हसले. म्हणाले, बरोबर आहे त्याचं. कुणाला नमस्कार करायचा झाला तर हात उचलत नाहीत माझे, टोपी उचलली गेली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, तुम्हाला कुणाला नमस्कार करायचाय? तर चहाचे कप उचलून आत गेले.

उद्या काय सांगू लोकांना?

शुक्रवार, १४

सांगितलं की शोध चालू आहे. पुरावा हाती आल्याशिवाय उत्तर देणार नाही, हा आता वाचनालयाचा नियम आहे. नियमाची ढाल केली. कार्यवाह मागे उभे होते, त्यांना काही बोलता येईना. प्राध्यापकांनी मात्र विचारलं, निदान काळ कोणता ते तरी सांगता येईल? मी म्हटलं, तेही पुराव्यासकटच.

आश्चर्य म्हणजे गर्दी वाढली. केशकर्तनालयवाल्यांनी ओळखलं की हे दाढीचा फेस मोजून द्यायचं यंत्र. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, औषधाचे डोस. एक आजोबा म्हणाले, हे पहारेकऱ्याला जागं ठेवायचं, पण ते स्वतःच पेंगत होते. लोक हसले, भांडले, घरी जाता जाता दारातही भांडत होते. मी मात्र मुदत मागणाऱ्या आरोपीसारखी उभी.

कार्यवाहांनी मुदत दिली, अठ्ठावीस तारीख. त्या दिवशी उत्तर नाही तर शुक्रवार बंद.

मंगळवार, १८

बाकाखाली एक दातेरी चाक सापडलं म्हणे. यंत्रात चपखल बसलं! आता मूठ फिरवली की वाटी दोनदा कलंडते. मला वाटलं होतं, भाग वाढतील तसं कोडं सुटेल. हे तर यंत्र जितकं पूर्ण होतंय तितकं कमी कळतंय.

काटेवाल्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. पत्रा लागला म्हणाले. दाढी नीट केलेली, शर्टाला इस्त्री. कुणी मोठं गिऱ्हाईक येणार असेल. मी विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय?

पण मनात एक शंका आली आहे. याला उत्तर माहीत असेल आणि हा लपवत असेल तर? जुन्या वस्तू जमवणारे चांगली किंमत देतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसे ते माझी नजर चुकवतात.

बुधवार, १९

निघताना सूनबाईने दारात अडवलं. आई, आज पण वर्कशॉप? आणि ही शाल? ठेवणीतली ना ही?

मी म्हटलं, तिथे धूळ फार असते. ती म्हणाली, धुळीसाठी ठेवणीतली शाल, बरं बरं. नवऱ्याकडे बघून डोळे मोठे केले. हल्लीच्या मुलींना साध्या गोष्टी समजत नाहीत. फाटकी शाल घालून परक्या माणसापुढे बसायचं का?

चिरंजीव पेपरात तोंड घालून होते. रात्री जेवताना म्हणाले की आई, शुक्रवारचं फार मनाला लावून घेऊ नकोस, बंद झालं तर झालं, तू घरी असलीस की आम्हालाही बरं वाटतं. मायेनेच म्हणाला पोरगा. खुर्ची अजून खिडकीजवळच आहे.

शुक्रवार, २१

हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. प्राध्यापक भिंग घेऊन आले होते! पुढे येऊन बघू का म्हणाले. मी म्हटलं, आज नाही, सुटे भाग सैल आहेत. खोटं बोलले. या सगळ्यात मी खोटं बोलायला शिकले, तेही सराईतपणे.

काटेवाले शेवटच्या रांगेत बसले होते. ते आजवर कधी आले नव्हते. लोक एकेक तर्क सांगत होते तेव्हा ते बघत होते ते यंत्राकडे नाही, लोकांकडेही नाही. मला वाटलं माझ्या मागच्या भिंतीवर काही आहे, म्हणून मी वळून बघितलं. काही नव्हतं.

सोमवार, २४

आज भांडले. तरातरा गेले आणि म्हटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही. माझी अब्रू पणाला लागली आहे. आयुष्यभर मी एकाही पुस्तकाला चुकीचा नंबर दिला नाही आणि आता गावभर माझं हसं होणार, ते तुमच्यामुळे.

काटेवाले हातातली कानस खाली ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, “बाई, सांगायचं रोज ठरवतो. धीर होत नाही.”

म्हणजे माहीत आहे! मी विचारलं, धीर कशाला हवा, यंत्र मोडेल म्हणून? ते म्हणाले, हो, मोडेल. मी उठले आणि चहा न घेता आले. त्यांनी केला होता, मला दिसत होता ओट्यावर.

दुपारी घरी बसून राहिले. फार वाईट वाटलं. अब्रूचं वाटलं असेल, दुसरं काय?

बुधवार, २६

काल गेले नाही, आजही नाही. दुपार संपता संपत नाही. पूर्वी या दुपारी मी काय करत होते, आठवेना. छातीत धडधडतं. रक्तदाब मोजून घेतला, ठीक आहे म्हणे. यंत्राचा काय भरवसा!

सूनबाईने भाजी निवडायला माझ्यासमोर बसकण मारली आणि विचारलं, नेमकी कशाची भीती वाटते तुम्हाला? मी सगळं सांगितलं. ती हातातली काडी तशीच धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आई, काखेत कळसा आणि गावाला वळसा.” मी म्हटलं, कळसा कुठला, काखेत व्यायामवर्ग आहे. ती हसत आत गेली. माझा जीव टांगणीला आणि हिला हसू सुचतं.

ठरवलं आहे. परवा सरळ उभं राहून सांगायचं की मला माहीत नाही. खोट्या उत्तरापेक्षा ते बरं. त्यानंतर काय, ते ठाऊक नाही.

शुक्रवार, २८

झालं तसं लिहिते आहे.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत प्राध्यापक, दाराशी कार्यवाह, तिसऱ्या रांगेत सूनबाई आणि चिरंजीव, तेही पहिल्यांदाच. मी टेबलाला धरून उभी राहिले आणि म्हटलं, हे यंत्र कशाचं ते मला माहीत नाही. पहिल्या दिवशीही माहीत नव्हतं. तुम्हा सगळ्यांना मी माहीत असल्याचं भासवलं, त्याबद्दल माफ करा.

इतकी शांतता मी वाचनालयात नोकरी करतानाही अनुभवली नव्हती. प्राध्यापक उठले. यावेळी मी अडवलं नाही. त्यांनी भिंग लावून चाक बघितलं, तबकडी बघितली, मूठ फिरवली. मग हॉलकडे वळून म्हणाले की पितळ जुनं आहे, पण दाते नवे आहेत. कानशीचे ओरखडे अजून चकाकतायत. तबकडी वजनकाट्याची, आकडे घासून काढलेले. हे यंत्र कुठल्याही काळातलं नाही. महिन्याभरातलं आहे. कुणीतरी बनवलंय.

मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं. नकली वस्तू! माझ्या टेबलावर! कार्यवाहांनी खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा ठेवलं, आता लिहायचंही काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. काटेवाले उभे होते. “मी बनवलं,” म्हणाले. “बाईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्यावर काही येऊ देऊ नका.”

प्राध्यापकांनी विचारलं, यंत्र करतं काय? काटेवाले म्हणाले, काही नाही. मग बनवलंत कशाला? काटेवाल्यांनी टोपी काढली. मान खाली, हातात टोपी, कान लाल. सगळा हॉल त्यांच्याकडे बघतोय आणि हा माणूस एक शब्द बोलेना. मी इतकी चिडले होते की मलाही तेच ऐकायचं होतं. कशाला? माझी शोभा करायला?

आणि तिसऱ्या रांगेतून सूनबाईने हात वर केला, खेळात करतात तसा. म्हणाली, “मी ओळखू? हे यंत्र आमच्या आईंना रोज दुपारी घराबाहेर काढतं. चांगलं चालतंय.”

आधी कुणी हसलं नाही. मग नर्सबाई हसल्या, मग केशकर्तनालयवाले, मग सगळेच. मी कुठे बघू मला कळेना. दोन खुर्च्या, इस्त्रीचा शर्ट, अंगठ्याची पट्टी, सगळं एकदम समोर आलं, आणि मी किती आंधळी ते कळलं. सगळ्या गावाला दिसत होतं ते मला दिसलं नाही. घाबरून चिरंजीवांकडे बघितलं. तो हसत नव्हता. शालीकडे बघत होता माझ्या, आणि मग त्याने बायकोला हळूच काहीतरी विचारलं आणि तिने मान डोलावली.

प्राध्यापकांनी भिंग खिशात घातलं. कार्यवाहांना म्हणाले, उत्तर पटण्यासारखं आहे, आणि पुरावा मागच्या रांगेत उभा आहे. कार्यवाह म्हणाले, पुढच्या शुक्रवारी मात्र खरं यंत्र आणा.

म्हणजे शुक्रवार वाचला. आनंद व्हायला हवा होता. मी कुणाशीही न बोलता घरी आले.

शनिवार, २९

राग सकाळपर्यंत टिकला. मुद्दाम टिकवला म्हणा. रागाखाली काय आहे ते बघायची हिंमत नव्हती. या वयात लोक काय म्हणतील? ह्यांच्या फोटोकडे बघवेना. मग बघितलं. ते जसे होते तसेच होते.

चिरंजीव आज घरी होते. चहाच्या वेळी जवळ येऊन बसले आणि म्हणाले, आई, मी तुला आराम कर म्हणत होतो, तू कंटाळतेस हे मला कळलंच नाही. मी म्हटलं, मलाही कुठे कळलं होतं. दोघंही रडलो जरा. नाही कशाला म्हणू.

दुपारी गेले. फटकारायलाच गेले. म्हटलं, माझं नाव पणाला लावलंत तुम्ही. सरळ विचारता आलं नसतं? ते म्हणाले, सरळ विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. खरं आहे. नाहीच म्हणाले असते, आणि वर फोन करणंही बंद केलं असतं. ते म्हणाले, तुम्ही कधीतरी बघायला याल म्हणून हे करायला घेतलं होतं, त्या शुक्रवारी तुमचा फोन आला तेव्हा अर्धवट पडलं होतं, दुसरं हाताशी काही नव्हतं, पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, बसलात. मग ते पूर्ण करणं भाग पडलं, आणि पूर्ण झालं तर तुम्ही येणार नाही म्हणून संपवणंही होईना.

बोलायचं सगळं घरून ठरवून नेलं होतं, त्यातलं काही आठवेना. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. काटेवाल्यांनी हात फडक्याला पुसले, स्वच्छच होते ते, आणि माझ्याकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

“उद्या याल का?” म्हणाले. “दाखवायला काही नाही. शोधायलाही काही नाही.”

माझ्या छातीत ते बुधवारचं धडधडणं पुन्हा सुरू झालं, आणि या खेपेला मला रक्तदाब मोजावासा वाटला नाही. भीती होतीच. आत्ता लिहितानाही आहे.

मी म्हटलं, येते.